मच्छिंद्र मिस्त्रीने अडवलेली सही

मच्छिंद्र जावळे बॅटरीच्या कारखान्यांत मशिनी उभ्या करतो. बॅटरी म्हणजे ट्रॅक्टरची, टेम्पोची, लाइट गेल्यावर घरातला पंखा फिरवणारी. दोन हातांनी पोटाशी धरून उचलावी लागते ती. तिच्या आत शिशाच्या प्लेटा असतात. जाळ्या ओतायच्या, त्यांवर लेप थापायचा, वाळवायच्या, मग एकाआड एक रचून खोक्यात बसवायच्या. यातल्या जवळजवळ प्रत्येक कामाची मशीन वेगळी. नगरच्या एमआयडीसीत, नागापूरच्या अंगाला गनीभाईंची शेड आहे, तिथे या मशिनी तयार होतात. मच्छिंद्र त्या जोडतो, ट्रकवर चढवून देतो, मागोमाग स्वतः जातो, जागेवर बसवतो, चालवून दाखवतो आणि ट्रायल रिपोर्टवर सही करून परत येतो. त्याची सही झाली की मशीन गिऱ्हाइकाची.

सत्तावीस वर्षं हेच चाललंय. होसूर झालं, रुद्रपूर झालं, जम्मू झालं, कोलकात्याच्या पलीकडचं कुठलंसं गाव झालं, ज्याचं नाव त्याला आता आठवत नाही. वय एक्कावन्न. जिना उतरताना डावा गुडघा कुरकुरतो. हत्यारांची पेटी पूर्वी तो खांद्यावर टाकायचा, आता तिला चाकं बसवून घेतली आहेत. निघताना बायको विचारते, "यंदा किती दिवस?" तो आकडा सांगतो, आणि त्यात चार दिवस वाढणार हे दोघांनाही ठाऊक असतं. दमलोय असं तो कुणाजवळ म्हणत नाही. पण अलीकडे एसटीत बसल्या बसल्या त्याचा डोळा लागतो आणि उतरायचं ठिकाण मागे राहतं.

गनीभाई त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठे. एका लेथवर साखर कारखान्यांच्या पंपांचे शाफ्ट कातून देणारा हा माणूस. एकदा कुणीतरी जाळी ओतायचा तडकलेला साचा घेऊन आलं, भाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ठेवून जा. त्या साच्यापासून सगळं सुरू झालं. आयटीआय संपवून मच्छिंद्र त्यांच्याकडे आला तेव्हा शेडला पत्रेही पुरते नव्हते. आता भाईंना दम लागतो, ते खुर्चीवर बसून काम सांगतात, आणि शेडमध्ये त्यांच्यानंतर शब्द चालतो तो मच्छिंद्रचा.

दोन वर्षांपूर्वी सोनईच्या एका कारखान्याची ऑर्डर आली. प्लेटा रचायची मशीन. एका बाजूला प्लेटांचे गठ्ठे ठेवायचे. रबरी वाट्या हवेच्या ओढीने एकेक प्लेट उचलतात, दोन प्लेटा एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये घालायचा कागद तिच्याभोवती दुमडून दोन्ही कडांना दाबला जातो, त्याचं पाकीट होतं. मग एक पाकिटातली, एक उघडी, एक पाकिटातली, अशा तेरा प्लेटांचा गट बांधून पट्ट्यावर बाहेर पडतो. हाताने हेच काम करायला बाईला जितका वेळ लागतो तितक्यात मशीन आठ-नऊ गट काढते.

ऑर्डरचा कागद भाईंनी त्याच्यापुढे सरकवला. मच्छिंद्रने पत्ता वाचला. सोनई-घोडेगाव रस्ता. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

त्या कारखान्यात त्याची थोरली बहीण बनुबाई प्लेटा रचायच्या टेबलावर होती. तिला तिथे लावलं होतं त्यानेच. या ऑर्डरच्या नऊ वर्षं आधी बॅटरीचं झाकण चिकटवायची मशीन बसवायला तो तिथे गेला होता. बनुबाईचा नवरा त्याच साली गेला होता. मशीन चालू झाल्यावर त्या वेळचे मालक, थोरले शेठ, खुशीत होते. मच्छिंद्रने तेवढ्यात शब्द टाकला. दुसऱ्या दिवसापासून बनुबाई कामावर. तेव्हापासून सोनईला काही काम निघालं की मच्छिंद्रचा मुक्काम बहिणीकडेच असायचा, आणि ती त्याला आवडते म्हणून शेंगदाण्याची आमटी करायची.

अठरा बायका होत्या टेबलांवर. जाळीदार टेबलं, खालून धूळ ओढून घेणारा पाइप. बायका डावीकडून प्लेट उचलायच्या, उजवीकडून कागद, गट झाला की टेबलावर टकटक आपटून कडा सारख्या करायच्या. शिशाची धूळ पिवळसर, पिठासारखी बारीक. तोंडावर फडकं बांधायचं, सुट्टी झाली की साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, कारखान्याकडून गूळ आणि केळी. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायला माणूस यायचा. मागच्या दोन खेपेला बनुबाईच्या रक्तात शिसं जास्त निघालं. तिला दोन महिने लेबलं चिकटवायला बसवलं आणि परत टेबलावर आणलं. पोटात कळ यायची, उजवं मनगट लुळं पडल्यागत व्हायचं. एकदा मच्छिंद्रच्या देखत तिच्या हातातून भरलेला तांब्या सुटला. "झोप झाली न्हाई रातची," असं म्हणून तिने फडक्याने पाणी टिपलं होतं.

चार महिने मच्छिंद्र ती मशीन जोडत होता. रोज वाटायचं, या रविवारी सोनईला जाऊ, आक्काला सांगू. रविवार आला की काहीतरी निघायचं. एकदा तर तो तारकपूरच्या स्टँडवर जाऊन, गाडीत बसून, गाडी सुटायच्या आत खाली उतरला होता. भाईंनी दोनदा विचारलं, "सांगितलंस का बहिणीला?"

"सांगतो, भाई."

"तू सांगितलेलं बरं. ट्रकने सांगितलेलं वाईट."

तरी त्याने सांगितलं नाही. मनाची समजूत घालायला त्याच्याकडे एक गोष्ट होती, आणि ती खोटीही नव्हती: आक्का त्या टेबलावरून उठली तर तिचं पोट दुखायचं थांबेल. पण ही गोष्ट तिच्या तोंडावर म्हणायची त्याची छाती झाली नाही.

ट्रक पोचला तो शुक्रवार होता. मच्छिंद्र क्रेनवाल्याला हात करत फाटकातून आत आला. जेवणाची सुट्टी झाली होती आणि बायका निंबाखाली डबे उघडून बसल्या होत्या. ताडपत्री निघाली. पंकजा नावाची एक तरुण बाई होती त्यांच्यात, तिने विचारलं, "बनूमावशी, तुमचा भाऊ काय घेऊन आला हो?"

बनुबाईने मशिनीकडे पाहिलं. नऊ वर्षं कारखान्यात काढलेली बाई. प्लेटांचे गठ्ठे ठेवायची खाच दिसली, कागदाच्या रोलाची दांडी दिसली, आणि तिला समजलं. ती भावाजवळ आली.

"ही आपल्या टेबलाची मशीन हाय का रं?"

"व्हय, आक्का."

"कवापासनं माहीत हुतं तुला?"

मच्छिंद्रने खाली बघितलं. "चार महिने."

ती परत जाऊन बसली. डबा तिने तसाच झाकला.  त्या दिवशी मच्छिंद्र बहिणीकडे गेला नाही. कारखान्याच्या मागे पाहुण्यांसाठी एक खोली होती, तिथे त्याने पेटी ठेवली.

कारखान्याचे थोरले शेठ आता घरीच असायचे. कारभार त्यांचा मुलगा रविराज बघायचा. तिशीतला, हुशार, सगळ्यांशी नीट बोलणारा, पण कायम घाईत. दुसऱ्या दिवशी त्याने बायकांना बोलावून सांगितलं, मशीन चालू झाली की चौघी लागतील, बाकीच्यांचा हिशेब महिनाअखेर होईल. चौघींची नावंही त्याने वाचली. चौघी तरुण होत्या. त्यात पंकजा होती. बनुबाई नव्हती.

मशीन बसवायला आठ दिवस गेले. टेबलं एकेक करून हलवली तसे त्यांच्याखालचे धूळ ओढायचे पाइप कापून बाजूला टाकले. बायका उरलेल्या टेबलांवर दाटीवाटीने बसून काम करत राहिल्या, आणि मच्छिंद्र त्यांच्यापासून पंधरा पावलांवर बोल्ट आवळत राहिला. बनुबाई त्याच्याशी बोलत नव्हती. एक वयस्क बाई मात्र पाणी प्यायला जाता जाता थांबली आणि म्हणाली, "मिस्त्री, तुमची मशीन बिघडत न्हाई का कदी?" ती हसून म्हणाली होती. मच्छिंद्रलाही हसावं लागलं. 

ट्रायल सुरू झाली. पहिला दिवस नेहमीसारखा गेला: दोन प्लेटा एकदम उचलल्या जायच्या, वाकडी प्लेट अडकायची, कागद तिरका कापला जायचा. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं लायनीवर आणलं. दुसऱ्या दिवशी मशीन सलग चालली. चौघी कामाला लागल्या. दोघी प्लेटा भरायला, दोघी गट उचलायला. रविराज घड्याळ लावून उभा होता आणि खूश होता.

चार तासांनी मशीन थांबवली तेव्हा मच्छिंद्रने चष्मा काढला. काचांवर पिवळी साय धरली होती. त्याने पॅनेलवरून बोट फिरवलं, बोट माखलं. खिडकीच्या चौकटीवर, पाण्याच्या जारच्या झाकणावर, पंकजाच्या भुवयांवर, सगळीकडे तेच. हाताने रचताना जी धूळ हळूहळू उडायची ती ही मशीन झपाट्याने उडवत होती. वाट्यांचा झटका, प्लेटांच्या कडा साफ करणाऱ्या ब्रशचा घासा, वरून गट आपटून सारखा करायची पट्टी. त्यासाठीच या मशिनीवर हूड असतो. वरून पेटीसारखं झाकण, त्याला जाड पाइप, पाइपाच्या टोकाला धूळ ओढणारा पंखा आणि गाळायच्या पिशव्या. भाईंच्या नकाशात तो होता. ऑर्डर देताना रविराजने तो काढून टाकायला लावला होता. कागदावर लिहिलं होतं, धूळ ओढण्याची सोय गिऱ्हाइकाकडे आहे.

मच्छिंद्र कारखान्याच्या शेडमागे गेला. धूळ ओढायचा जुना पंखा होता खरा. त्याची मोटर जळून कधीपासून पडली होती, आणि त्याच्या पाइपात चिमण्यांनी घरटं केलं होतं. म्हणजे टेबलांखालचे पाइपही नुसते नावाला होते. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक. आक्काच्या रक्तात शिसं दोनदा का वाढलं ते त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. नऊ वर्षांत कितीदा तरी तो या शेडमध्ये आला होता, आणि एकदाही त्याने मागे येऊन पाहिलं नव्हतं.

तो परत आला तेव्हा पंकजा नळावर हात धूत होती. तिसऱ्यांदा साबण लावत होती.

"बाळ घरी हाय माझं," ती म्हणाली. "सात महिन्यांचं. गेल्या गेल्या झेपावतं अंगावर. म्हनून धुती लई. पन केसातली कशी जायाची?"

रविराज रिपोर्ट घेऊन आला. पेन उघडून त्याने मच्छिंद्रच्या हातात दिलं.

"शेठ, हूड बसल्याशिवाय सही नाही करता येणार," मच्छिंद्र म्हणाला.

"हूड तर आपण ऑर्डरमधून काढला ना."

"तुमच्याकडे सोय आहे असं लिहिलं होतं. मागचा पंखा बंद आहे."

"तो दुरुस्त करून घेऊ. पुढच्या महिन्यात सगळं करू. तुम्ही मशिनीचं बघा, ती चालतेय ना? मग सही करा."

"मशीन चालतेय. माणसं चालायची नाहीत तिच्यापाशी. एका दिवसात बघा केवढी धूळ बसलीय."

रविराजने त्याच्याकडे निरखून पाहिलं. आवाज न चढवता तो म्हणाला, "जावळे, तुमची बहीण यादीत नाही म्हणून तुम्ही अडवताय. माझ्या कानावर आलंय. तसं असेल तर सरळ बोला ना. एक नाव मी वाढवतो."

मच्छिंद्रच्या कानशिलात गरम झालं. रागाने झालं की दुसऱ्या कशाने, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. कारण रविराज म्हणाला ते सगळंच खोटं आहे, असं छातीवर हात ठेवून म्हणायची त्याची तयारी नव्हती. त्याने पेन टेबलावर ठेवलं, मेन स्विच पाडला आणि म्हणाला, "नाव वाढवू नका. हूड बसवा."

ही गोष्ट सुट्टी व्हायच्या आत सगळ्या कारखान्यात पसरली. फाटकाशी बनुबाई उभी होती. दहा दिवसांत ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"सही केली न्हाईस म्हनं?"

"न्हाई केली."

"का?"

"धूळ लई उडती, आक्का. त्या चौघींना—"

"त्या चौघींना." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आमी अठरा जनी हुतो मच्छिंदर. चौदा जनी घरी निघालो तवा तुज्या तोंडातून शबूद न्हाई फुटला. चार महिने गप बसलास. आन आता मशीन उभी केल्यावर तुला आमचा कळवळा आला?"

"आक्का, तुजं रक्त..."

"माजं रक्त माज्याजवळ हाय. मला इचारलं असतंस तर मी काय म्हनले असते ते तरी ऐकलं असतंस. कदाचित बसव म्हनले असते. पन इचारायचं हुतंस."

ती निघून गेली. उसाच्या दोन ट्रॉल्या रस्त्याने गेल्या, त्यांच्या आडून तिचं लुगडं थोडं दिसलं, मग दिसेनासं झालं. मच्छिंद्र फाटकाजवळच्या दगडावर बसला. गुडघा ठणकत होता. घरी जावं, आंघोळ करावी आणि दोन दिवस कुणी काही विचारू नये, एवढंच त्याला वाटत होतं.

त्याने भाईंना फोन लावला. रविराजचा फोन आधीच गेलेला होता.

"मच्छिंद्र," भाई म्हणाले, "सही कर आणि ये घरी. हूड त्यांनीच नको म्हटलाय. आपल्या अंगावर येत नाही ते."

"येत नाही, भाई."

"मग?"

मच्छिंद्रला नीट सांगता येईना. शेवटी तो म्हणाला, "भाई, पाण्याच्या जारवर बसलीय. पिवळी. त्यातलंच पाणी पितायत."

 सुरुवातीच्या दिवसांत शेडमध्ये साचे तपासायला शिसं वितळवताना भाईंनी कधी तोंडाला फडकंही बांधलं नव्हतं. त्यांच्या भावाने, फैयाजने, तर नाहीच. फैयाज चाळिशीत गेला. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं काहीतरी सांगितलं होतं. त्याचं नाव शेडमध्ये फारसं कुणी काढत नसे.

"मापं पाठव," भाई म्हणाले.

मच्छिंद्रने तिथेच वहीच्या कागदावर हुडाची मापं काढली, फोटो काढून पाठवला. नगरला भाईंच्या शेडमध्ये जस्ताचा पत्रा पडलेला होता. दोन दिवसांत हूड वाकवून, रिव्हेट मारून तयार झाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून स्वतः गनीभाई सोनईला आले. पाच वर्षांत ते कुठल्या साइटवर गेले नव्हते. टेम्पोतून उतरताना त्यांनी मच्छिंद्रच्या खांद्याचा आधार घेतला.

रविराज त्यांना चहा देऊन ऑफिसात बसवू बघत होता. भाई म्हणाले, "चहा नंतर. आधी तुमचा पंखा दाखवा."

घरटं त्यांनी स्वतः बघितलं. मग रविराजकडे वळून म्हणाले, "थोरल्या शेठना मी वीस वर्षं ओळखतो. हूड मी आणलाय, तो माझ्याकडून. मोटर तुम्ही आजच्या आज भरून घ्या. मोटर चालली की हा सही करेल. नाही चालली तर मशीन मी परत घेऊन जातो, आणि शेठना का नेली ते मीच सांगतो."

रविराजच्या चेहऱ्यावरून वाटत होतं तो भांडेल. पण तो वाकून पाइपात डोकावला आणि म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं चाचा, की आतून हे असं आहे." ते खरं असावं. मागे जाऊन बघायची सवय त्या शेडमध्ये कुणालाच नव्हती. मोटर घोडेगावहून नव्या तारेने भरून आली. संध्याकाळी पंखा सुरू झाला तेव्हा हुडाखाली धरलेला वर्तमानपत्राचा तुकडा सटकन वर चिकटला. पंकजा आणि तिच्या सोबतिणी खदखदून हसल्या. दुसऱ्या दिवशी चार तास मशीन चालवून मच्छिंद्रने पॅनेलवरून बोट फिरवलं. अगदी स्वच्छ म्हणता येणार नाही, पण बोटाचा रंग दिसत होता. त्याने सही केली.

महिनाअखेरीला चौदा बायका घरी गेल्या. तिथे हुडाचा काही उपयोग नव्हता.

परतताना टेम्पोत भाई डोळे मिटून बसले होते. मच्छिंद्रला वाटलं, झोपले. इमामपूरचा घाट लागल्यावर ते म्हणाले, "यापुढे नकाशात हूड वेगळा दाखवायचा नाही. मशिनीच्या अंगातच धरायचा. काढायचं म्हटलं तरी निघता कामा नये." आणि तसं झालं. त्यानंतर गनीभाईंच्या शेडमधून प्लेटा रचायच्या ज्या मशिनी गेल्या त्या हुडासकट गेल्या. त्यापायी दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. भाई त्यावर कधी बोलले नाहीत.

बनुबाई भावाशी बोलायची थांबली. फोन उचलायची नाही. दिवाळीला मच्छिंद्रची बायको एकटी जाऊन आली. म्हणाली, बऱ्या आहेत, तुमचं नाव काढलं नाही. मच्छिंद्रने विचारलं, "मनगट?" बायको म्हणाली, ते नाही बघितलं.

माघात सोनईहून वाट्या बदलायचा निरोप आला. मच्छिंद्र गेला. वाट्या बदलून झाल्यावर आता तो न चुकता मागे गेला. पंखा फिरत होता, पण गाळायच्या पिशव्या गच्च भरलेल्या; महिनाभरात कुणी झटकल्या नव्हत्या. त्याने तोंडाला मास्क बांधला, पिशव्या काढल्या, झटकून परत लावल्या आणि दर शनिवारी हे कुणी करायचं त्याचं नाव रविराजकडून भिंतीवर लिहून घेतलं. शनिवारी खरंच होईल की नाही, त्याला खात्री नव्हती. पंकजाने सांगितलं, तिचं रक्त तपासून झालं, शिसं हद्दीच्या आत आलं. आणि म्हणाली, "बनूमावशी घोडेगावला कांद्यावर जाती आता."

घोडेगावला तो उतरला. बाजाराला लागून असलेल्या मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये वीस-बावीस बायका कांद्याच्या ढिगाभोवती बसून मोठा, मध्यम, बारीक गोल्टी असा निवडत होत्या. बनुबाईने त्याला लांबूनच पाहिलं. उठली नाही, पण शेजारची रिकामी गोणी त्याच्याकडे सरकवली. तो गुडघ्याला हात देत बसला.

"मशीन बिघडली व्हय?" तिने विचारलं.

"वाट्या झिजल्या हुत्या."

"पंकी?"

"बरी हाय. रक्त नीट आलं तिचं."

ती कांदे निवडत राहिली. उजव्या हातानेच. मच्छिंद्र त्या हाताकडे बघत होता हे तिला समजलं.

"दुखतं अजून," ती म्हणाली. "पन भांडं सुटत न्हाई. पोटबी बरं हाय." मग थोड्या वेळाने, "हितं काम रोज न्हाई मिळत. आठवड्यात तीन दिस, चार दिस. तिथं महिना बांधलेला हुता."

"व्हय."

"राग गेला न्हाई माजा."

"न्हाई जायचा, आक्का. माहीत हाय मला."

तिने चहावाल्याला हात केला. दोन कप आले. चहा पाण्यासारखा होता, दोघांनीही तो पूर्ण प्यायला. ती म्हणाली, "लई खंगलास रं. झोपतोस का न्हाई?"

"गाडीत झोपतो."

"आता कुठं जायाचंय?"

"बेळगावला. गुरुवारी. अशीच मशीन हाय."

"किती बाया हायेत तिथं?"

"बत्तीस."

बनुबाईने हातातला कांदा बाजूला ठेवला. "तिथल्या बायांना आदी सांगितलंय का कुनी?"

मच्छिंद्रने खरं ते सांगितलं. बेळगावच्या मॅनेजरला त्याने फोन केला होता. ते आमचं आम्ही बघू, तुम्ही मशिनीचं बघा, असं उत्तर आलं होतं. त्याने पुन्हा फोन केला, पुन्हा तेच. आता तिथे गेल्यावर पहिल्या दिवशी, पेटी उघडायच्या आत, तो स्वतःच बायकांना सांगणार होता. त्यावरून त्याला तिथून हाकललं तरी.

"सांग," ती म्हणाली. "आन त्या काय म्हनतात ते उभा राहून ऐक. मधी बोलू नगंस."

मुकादमाची हाक आली तशी ती वळली. ढीग अर्धा उरला होता आणि ट्रक लागला होता.  मच्छिंद्रने बाह्या सारल्या आणि समोरची गोल्टी वेगळी काढायला लागला. त्याला ते काम येत नव्हतं. बनुबाईने दोनदा त्याच्या ढिगातले कांदे उचलून परत टाकले आणि माप कसं बघायचं ते बोटांच्या कड्याने दाखवलं. शेवटची गोणी शिवेपर्यंत नगरच्या दोन गाड्या निघून गेल्या. तिसरी खचाखच भरलेली होती. तो दांडीला धरून उभा राहिला आणि नगर येईपर्यंत उभाच होता.